आज्ज्याला लावलेला गेज

यल्लाप्पा कांबळे, म्हणजे आमचे आप्पा, गेले तेव्हा निपाणीत त्यांच्यासाठी एक छोटी सभा झाली. तिथं मी पाच मिनिटं बोललो आणि तेवढ्यात चार चुका केल्या. त्यांचं गाव चुकवलं, नोकरीची वर्षं दोनानं वाढवली, त्यांच्या बायकोला तिच्या जावेचं नाव दिलं, आणि शेवटी ते 'इतिहासाचे गाढे अभ्यासक' होते असं म्हणालो. पहिल्या तीन चुका समोरच्या लोकांनी तिथल्या तिथं दुरुस्त केल्या. चौथी कुणाच्या लक्षात आली नाही. ती फक्त आप्पांच्याच लक्षात आली असती. "गाढा म्हंजे किती गाढा, बीए? मापून सांग की," असं ते खाली मान घालून म्हणाले असते.

आप्पा टर्नर होते. बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ते एकाच लेथवर लोखंड कातत उभे राहिले. शिक्षण सातवी. मी त्याच कारखान्यात डिस्पॅचला, म्हणजे माल बाहेर पाठवण्याच्या खात्यात, कारकून. शिक्षण बीए, विषय इतिहास, वर्ग दुसरा, तोही गाइडच्या जोरावर. कामावर रुजू झालो त्या दिवशी ही पदवी, वर्ग तेवढा गाळून, मी चारचौघांत दोनदा सांगितली. आप्पांनी मशीन न थांबवता मान वर केली.

"इतिहासात व्हय? लई बरं झालं. मला कवापास्नं एक इचारायचं हुतं. किल्ल्याचा खंदक आदी खनत्यात का भिंत आदी बांधत्यात?"

बघून सांगतो, म्हणालो. अजून सांगायचंय. पण त्या दिवसापासून माझं नाव 'बीए' पडलं, आणि आप्पा ते ज्या आदरानं उच्चारत त्यामुळं मला कायम थोडं अवघडल्यासारखं व्हायचं.

कारखान्यात गेज नावाची एक साधी वस्तू असते. लोखंडाची, दोन टोकांची. तयार झालेल्या भोकात एक टोक गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. दोन्ही जमलं तर माल पास. आप्पा ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला असा गेज लावत. पहिलं टोक म्हणजे, ही गोष्ट सांगणारी तीन माणसं आहेत का, ज्यांची एकमेकांशी ऊठबस नाही? ते जायला हवं. दुसरं टोक म्हणजे, ही गोष्ट खरी असावी असं सांगणाऱ्याला फार वाटतंय का? ते अडायला हवं. मी त्यांना सांगितलेल्या बहुतेक गोष्टींत हे दुसरं टोक न अडता आत जाई.

मशीनवर प्रत्येक कामाचं एक जॉब कार्ड असतं. आप्पांनी छापताना वाया गेलेली कार्डं साहेबांना विचारून घरी नेली होती आणि एकेका प्रश्नाला एकेक कार्ड केलं होतं. वर प्रश्न, खाली कुणाला विचारलं, काय वाचलं, कुठं अडलं. घरात बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे होते. एकावर 'पास', दुसऱ्यावर 'रिवर्क', तिसऱ्यावर 'रिजेक्ट'. रिवर्कचा, म्हणजे पुन्हा तपासायच्या कार्डांचा, डबा इतका भरलेला असे की झाकणाला रबर लावावं लागे. पासचा डबा हलवला की आत चारदोन कार्डं वाजत. हे असं का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मशिनीवर असं झालं असतं तर मला घरी बशिवलं असतं. हितं कोन बशीवनार?"

वाचायला ते पहिल्या पाळीच्या पाऊण तास आधी येत आणि गेटजवळच्या बाकावर बसत. पुस्तक नगर वाचनालयातलं, खाकी कव्हर घातलेलं. कुठलंही पुस्तक ते मागून उघडत. आधी तळटीपा आणि संदर्भ वाचत. लेखकानं हे सगळं कुठून आणलं ते कळल्याशिवाय त्याचं म्हणणं ऐकायचं कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब होता. कन्नड बोलता सगळ्यांनाच येतं, आप्पा बसच्या पाट्यांवरून ते वाचायला शिकले. मग शेजारच्या एका निवृत्त कन्नड बाईंकडं रविवारी जाऊन जुनं कन्नड थोडंफार लावायला शिकले. मोडी मात्र एकट्यानं, एका फाटक्या पुस्तिकेवरून, तीन वर्षं. मला मोडी येते असं मी कारखान्यात सांगून ठेवलं होतं. आप्पांनी ते कधी तपासलं नाही. काही गेज ते मुद्दाम लावत नसत.

या अभ्यासाचा त्रास घरच्यांना होई. मिरची आपल्या देशातली नव्हे, समुद्रापलीकडून आली, हे त्यांना कुठंतरी मिळालं तेव्हा ते दोन महिने मिरचीच्या मागं होते. मिरची यायच्या आधी आपल्याकडची माणसं आमटीत काय घालत, हा प्रश्न त्यांनी घरी ताटावर बसून विचारला. सुमन वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, प्रश्न ऐकून घेतला. संध्याकाळी ताटात बिनमिरचीची आमटी आली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, "कळलं. मिरची आपलीच." पण कार्डावर त्यांनी तसं लिहिलं नाही. तंबाखूचंही तेच. त्यांच्या आईचा जन्म निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पाला निवडण्यात गेला होता. "आईची बोटं ज्या पाल्यानं पिवळी झाली, त्यो पाला बी बाहेरचाच हो," एवढंच ते एकदा म्हणाले आणि लेथ चालू केलं.

आता माझी पहिली फजिती. आमचं घर कंग्राळीचं. गावाच्या कडेला तळ्याजवळ एक उभा कोरीव दगड आहे. त्याला वर्षातून एकदा आम्ही तेल लावतो, नारळ फोडतो. तो आमच्या घराण्याचा मूळपुरुष, मराठ्यांच्या फौजेत लढताना पडला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. चहाच्या सुट्टीत मी ते रंगवून सांगितलं. आप्पांनी विचारलं, कुणी सांगितलं? म्हटलं, सगळेच सांगतात. "सगळे म्हंजे किती?"

पुढच्या रविवारी उजाडताच ते सायकलवरून कंग्राळीला हजर. इतक्या पहाटे का, तर म्हणे कोवळं ऊन तिरकं पडतं. कातलेल्या जॉबवरचा बारीक ओरखडा बघायचा तर तो उजेडात तिरका धरावा लागतो. दगड तिरका करता येत नाही, म्हणून उजेड तिरका असताना यायचं. त्यांनी दगडावर तांब्याभर पाणी ओतलं आणि उकिडवे बसले. आमचे वडील, मी आणि दोन चुलते मागं उभे. ओल्या दगडावर हळूहळू आकृत्या उठायला लागल्या. खाली एक माणूस धनुष्य घेऊन उभा, त्याच्या पायाशी गायी. मधल्या चौकटीत त्याला दोन बायका हाताला धरून वर नेताहेत. सगळ्यात वर तो पिंडीपुढं बसलाय. इतकी वर्षं आम्ही त्याला तेल पाजलं, पण कुणी बघितलं म्हणून नव्हतं.

"ह्यो गायी राखताना मेलाय," आप्पा म्हणाले. "आनि लई जुना. आठशे वर्सं धरा. दोनशे इकडं, दोनशे तिकडं."

वडिलांचा चेहरा उतरला. "म्हंजे आमचा न्हाय म्हना की."

"तुमचा न्हाय असं कुठं म्हनलो? तुमचा हाय का न्हाय ह्ये दगूड सांगत न्हाय. गायी राखल्या एवढंच सांगतोय."

वडील पुढं सरकून दगडातल्या गायी बघायला लागले. मग म्हणाले, गायी तर आमच्याकडंही होत्या. आप्पांना चहा झाला, पोहे झाले. त्या दिवसापासून वडील आल्यागेल्याला तो दगड पाणी ओतून दाखवायला लागले आणि "दोनशे इकडं, दोनशे तिकडं" हे इतक्या ऐटीत सांगायला लागले की ते सगळं त्यांनीच शोधलंय असं वाटावं.

एवढ्यानं मी शहाणा व्हायला हवा होतो. पण त्याच हिवाळ्यात कारखान्याची सहल खानापूरकडच्या एका जुन्या देवळात गेली आणि साहेबांनी मला, मी बीए म्हणून, माहिती सांगायला उभं केलं. मला काही माहीत नव्हतं. कोपऱ्यात एक अंधारं भोक दिसलं. मी म्हणालो, हे भुयार थेट बेळगावच्या किल्ल्यात निघतं. आपल्या भागात प्रत्येक देवळातून एक भुयार किल्ल्यात निघतंच. मीही त्यात एकाची भर घातली. सगळ्यांनी आत डोकावून पाहिलं. आप्पांनी डोकावलं नाही. ते बाहेर जाऊन सभोवार बघत उभे राहिले. मी जवळ गेलो तर हलक्या आवाजात म्हणाले, "बीए, मशिनीवर भोक पाडलं की आतलं लोखंड खाली पडतंय. एवढं लांब भुयार पाडलं, तर माती कुठं हाय? एक डोंगूर हुईल की." मग चारचौघांत हे विचारायला नको म्हणून ते गाडीत जाऊन बसले. परतीच्या वाटेवर ते माझ्याच शेजारी होते, पण भुयाराचं नाव त्यांनी काढलं नाही. मीच दोनदा विषय काढून स्वतःची समजूत घातली.

हे सगळं सांगण्याचं कारण त्यांच्या आज्ज्याची, म्हणजे वडिलांच्या वडिलांची, गोष्ट.

आप्पांचं गाव बोरगावच्या अलीकडं, ओढ्याच्या काठी. गावात एक दगडी विहीर आहे. एके काळी तिच्यावर आप्पांच्या वस्तीला पाणी भरता येत नसे. वस्तीची माणसं ओढ्याचं पाणी पीत. एके दिवशी वस्तीतल्या लोकांनी ठरवून विहिरीवर जाऊन पाणी भरलं. मार पडला, तक्रारी झाल्या, पण पाणी खुलं झालं. आप्पांच्या घरात सांगायचे की त्या दिवशी पहिली घागर भरली ती आप्पांच्या आज्ज्यानं, रामानं. आप्पांची आई ही गोष्ट घरातल्या प्रत्येक पोराला आणि नंतर नातवंडांना सांगत आली होती. आता वस्तीतली पोरं शिकलेली. कुणी बँकेत, कुणी कॉलेजात. त्यांनी ती विहीर उपसून, चिरे बसवून नीट करायचं ठरवलं. मिलिंद नावाचा इंजिनियर त्यांचा पुढारी. कामाच्या सुरुवातीला एक स्मरणिका काढायची होती. त्यानं आप्पांकडं लेख मागितला. आप्पांनी मला गाठलं. "मला ल्ह्यायला येत न्हाय, बीए. मी कार्ड देतो, तू ल्ही."

कार्डावर चारच ओळी होत्या. शेवटची ओळ अशी: 'पहिली घागर रामानं भरली असं घरात सांगतात. तपासणी बाकी.'

मी लेख लिहिला. पाच पानी. त्यात मी रामाला 'रामाजी' केलं, पिळदार मिशा दिल्या, सूर्य उगवताना दाखवला, विहिरीच्या पायऱ्या उतरताना त्यांच्या डोळ्यांत अंगार घातला. 'असं घरात सांगतात' हे शब्द मी काढून टाकले. त्यांच्यामुळं वाक्य अडखळत होतं. 'तपासणी बाकी' तर लेखात शोभलंच नसतं.

दोनशे प्रती छापल्या. कार्यक्रमात आप्पांच्या आईला मंचावर बसवून शाल दिली. ऐंशी ओलांडलेली बाई, पाठीत वाकलेली. लिहितावाचता येत नाही, पण स्मरणिका तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मिलिंदनं जाहीर केलं की विहिरीवर जो दगड बसेल त्यावर रामाजी कांबळे यांचं नाव कोरलं जाईल. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होतो, पण माझी मान पहिल्या रांगेत होती. शेजारी आप्पा स्मरणिका वाचत होते. अर्थात मागून. माझ्या लेखाला तळटीपा नव्हत्या, म्हणून ते पटकन लेखावर पोचले. वाचून झाल्यावर त्यांनी ती मिटली.

"माझ्या आज्ज्याला मिशा कुनी सांगितल्या तुला?"

म्हटलं, आप्पा, लेखात थोडं घालावं लागतं.

"घातलेलं ऱ्हाऊ दे. काढलंस काय ते सांग."

मिलिंदला त्यांनी दगडाचं काम थांबवायला सांगितलं. तीन आठवडे द्या, म्हणाले. मला हसू आलं. स्वतःच्या आज्ज्याला कुणी गेज लावतं का, असं विचारलं. आप्पा म्हणाले, "तुझ्या लावला तवा चाललं की."

त्या तीन आठवड्यांत मी त्यांना स्कूटरवरून फिरवलं, प्रायश्चित्त म्हणा. विहिरीवर पाणी भरलं त्या दिवशी लहान असलेली किंवा घरात ऐकलेली तीन म्हातारी माणसं तीन वेगवेगळ्या गावांत होती. आप्पा त्यांना वेगवेगळं भेटले. एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याचंच माप लागतं, असं त्यांचं म्हणणं. पहिला म्हातारा म्हणाला, पहिली घागर तानूनं भरली. तानू म्हणजे वस्तीतली एक विधवा. दुसरीनंही तानूचंच नाव घेतलं. तिसऱ्यानं मात्र ठामपणे सांगितलं, रामाजी कांबळ्यांनी, पिळदार मिशा, सूर्य उगवत होता. मी खूश झालो. आप्पांनी शांतपणे विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? म्हातारा म्हणाला, नातवानं परवाच पुस्तकातनं वाचून दाखवलं.

बाहेर आल्यावर आप्पा स्कूटरजवळ उभे राहिले. "बीए, तुझाच माल फिरून माझ्याकडं आला बघ." त्यात राग नव्हता. त्यामुळं जास्त लागलं.

मग एक कागद मिळाला. गावच्या जुन्या कुलकर्ण्यांच्या घरी एक दप्तर होतं, त्यात त्या वेळच्या तक्रारीची नक्कल. मोडीत. आप्पांनी मोठ्या मनानं ती आधी माझ्यापुढं धरली. मी चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. दोन रविवार बसून त्यांनी ती स्वतः लावली. विहिरीवर कोण कोण चढलं त्यांची आठ नावं होती. पहिलं तानूचं. रामाचं नाव आठांत नव्हतं. आप्पांनी तर्क केला की आज्जा त्या दिवशी निपाणीच्या वखारीत कामाला गेला असेल, आणि कार्ड रिजेक्टच्या डब्यात टाकलं.

मिलिंदला सांगितलं तेव्हा तो कळवळला. "आप्पा, दोघं बी आपलीच की. आनि तानूआज्जीच्या मागं कोन हाय? पोर न्हाय, बाळ न्हाय. कोन तक्रार करनार?"

"कोन न्हाय म्हनूनच," आप्पा म्हणाले.

दगडावर तानूचं नाव कोरलं. मला वाटलं, संपलं. पण चुकीचा माल कारखान्याबाहेर गेला तर तो परत बोलावतात, हे मी डिस्पॅचचा माणूस असून विसरलो होतो. आप्पांनी मिलिंदकडून स्मरणिका कुणाकुणाला गेल्या त्यांची यादी घेतली, दोन काळी पेनं घेतली, आणि आम्ही घरोघर निघालो. आप्पा दारात उभे राहून सांगत, "पुस्तकात एक चूक हाय. माझ्या घरची हाय. दुरुस्त करतो." मग माझ्या लेखातलं आज्ज्याचं नाव खोडून वर 'तानू' लिहीत. लोक ओशाळत, चहा देत, म्हणत, ऱ्हाऊ दे की आप्पा. एका घरात स्मरणिका लोणच्याच्या बरणीवर दगडाखाली झाकण म्हणून होती. आप्पांनी दगड उचलला, तेलकट पानावर दुरुस्ती केली, आणि दगड परत ठेवला. पिरनवाडीत मिलिंदच्या मावशीकडं गेलो तेव्हा पाऊण तास प्रत सापडेना. आप्पा बसून राहिले. शेवटी ती टीव्हीच्या टेबलाखाली सापडली, एक पाय आखूड होता म्हणून घातलेली. मी दर घरी बाहेरच उभा राहायचो. आपला लेख इतक्या लोकांनी वाचलेला नाही हे बघून दुःख करावं की समाधान, ते मला ठरवता येईना.

शेवटी एकच प्रत उरली. आईची.

आई गावातच, आप्पांच्या धाकट्या भावाकडं राहायची. दगडावरचं नाव बदललं हे तिला कळलं होतं, आणि आठ दिवस ती आप्पांशी बोलली नव्हती. सुमन वहिनींनी आप्पांना सांगून पाहिलं होतं की तेवढी एक सोडा. बाईला वाचता येत नाही, नाव आहे का नाही तिला काय कळणार. त्यावर आप्पांनी ती प्रत यादीत सगळ्यात खाली ठेवली होती. गेलो तेव्हा दुपारचे चार झाले असतील. आई सोप्यात घोंगड्यावर बसलेली, स्मरणिका मांडीवर. आप्पा समोर खाली बसले. मी उंबऱ्याशी. आप्पांनी पेन खिशातून काढलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना काम हातात घ्यायला कचरताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आईच म्हणाली, "किती जनांस्नी इचारलास?"

"तिघांस्नी. आनि एक कागद."

"मला इचारलास?"

आप्पा गडबडले. घरच्या माणसाचं सांगणं धरत नाही, असा नियम आहे, असं काहीसं पुटपुटले.

"मी घरची कवापास्नं झाले रं? पंध्रा वर्सांची आले हितं. त्येच्या आदी मी परकीच हुते की." तिनं स्मरणिका बाजूला ठेवली. "तुझा आज्जा मरस्तवर वड्याचं पानी प्याला. आठवतंय का तुला?"

आप्पांनी मान हलवली. त्यांना आठवत होतं. आज्जा रोज संध्याकाळी घागर घेऊन ओढ्याकडं जायचा. त्याची सवय असेल, असं वाटायचं, म्हणाले.

मग ती बोलत गेली, मधेमधे थांबत. त्या दिवशी रामा वखारीत गेला नव्हता. घरीच होता. सगळ्यांबरोबर जायचं ठरलं होतं, हातात घागर होती, दारापर्यंत आला आणि पाय उचलेना. आत जाऊन त्यानं कडी लावून घेतली. तानू पुढं झाली, बाकीचे मागून. पाणी खुलं झालं तरी त्यानं त्या विहिरीचं पाणी कधी तोंडाला लावलं नाही. जिच्यावर भरायला गेलो नाही तिचं पिऊ कसं, असं तो म्हणाला होता. हे त्यानं सुनेला एकदाच सांगितलं होतं, ओढ्यावर ती धुणं धूत असताना.

"मग पैली घागर त्येनं भरली, ह्ये कुनी काढलं?" आप्पांनी विचारलं.

"मी." आई त्यांच्याकडं न बघता म्हणाली. "त्येंला जाऊन म्हयना झाला नव्हता. तू साळंतनं रडत आलास. पोरं म्हनली, तुझा आज्जा भ्याला म्हनून वड्याचं पानी पीत हुता. दोन दिस जेवला न्हाईस. मग काय सांगू तुला?"

भावाच्या सुनेनं चहा आणून ठेवला आणि काहीतरी झालंय हे ओळखून ती परत गेली. आप्पांनी खिशातून पेन काढलं, मग ते खाली ठेवलं, आणि दुसऱ्या खिशातून एक कोरं कार्ड काढलं. वर आज्ज्याचं नाव लिहिलं. मग आईचं.

"त्यो दिस कंच्या म्हयन्यातला?"

"म्हयना ठावं न्हाय. हरभरा काढायला आलता, म्हनले हुते."

ते लिहून झाल्यावर आईनं स्मरणिका त्यांच्यापुढं सरकवली. "आता खोड. त्येंला बी ह्ये चाललं नसतं. आनि सगळं वाच, काय ल्हिलंय त्ये. मला कुनी धड वाचूनच दावलं न्हाय."

आप्पांनी नाव खोडलं, वर तानूचं लिहिलं, आणि लेख पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. माझी वाक्यं मी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो. दुसऱ्याच ओळीला आईनं हात वर केला. मिशा नव्हत्या, म्हणाली. तानूला तर नव्हत्याच. आप्पांनी मिशा खोडल्या. सूर्य उगवत नव्हता, दुपार होती, असं मामंजी म्हणाले होते. सूर्य गेला. विहिरीला त्या वेळी पायऱ्या नव्हत्या, रहाट होता. पायऱ्या गेल्या. डोळ्यांतल्या अंगाराशी आप्पा स्वतःच थांबले आणि त्यांनी आईकडं पाहिलं. ती म्हणाली, "ह्ये कुनी बघितलं?" अंगार गेला. पान काळं होत चाललं. दोघं एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून बसली होती आणि मी तिथं आहे हे दोघंही विसरली होती. चहा निवला. मी चपला घालून बाहेर पडलो तेव्हा पाच पानांतली तीन वाक्यं शिल्लक होती, आणि आप्पा विचारत होते, "बरं, तानूची घागर तांब्याची हुती का मातीची?"